मदत हवी आहे: पुण्याची बीअरवेडी मंडळी एप्रिलमध्ये गोव्यात येतायत, काय दाखवू?

पर्वरीकर

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या मध्यावर पुण्याचे तीन मित्र आणि एकाची बायको माझ्याकडे राहायला येतायत. शुक्रवारी रात्री पोचणार, मंगळवारी पहाटे निघणार. स्वतःची गाडी घेऊन आंबोलीमार्गे. क्रूझ, कॅसिनो, चर्च यातलं काही नको, असं आधीच बजावून ठेवलंय. त्यांना फक्त 'क्राफ्ट बीअर ट्रिप' करायची आहे. म्हणजे ब्रुअरीत जायचं, टाक्या बघायच्या, बनवणाऱ्याशी गप्पा मारायच्या आणि तिथेच बसून चाखायचं. पुण्यात 2009 साली डूलॅली ही मायक्रोब्रुअरी (जागेवरच बीअर बनवून देणारा बार) सुरू झाली तेव्हापासून ही मंडळी या नादाला लागलीत. एकजण तर घरीच बीअर बनवतो आणि भेटला की यीस्टवर बोलतो.

मी गोव्यात राहतो म्हणजे मला सगळं ठाऊक असणार, असा त्यांचा समज आहे. प्रत्यक्षात ऑफिस, मासळी आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार यापलीकडे मी फारसा हलत नाही, आणि बीअर मला कडू लागते. त्यामुळे गाडी मीच चालवणार, तेवढा एक प्रश्न सुटला.

आतापर्यंत नावं जमवलीत ती अशी: सांगोल्ड्याची गोवा ब्रूइंग कंपनी ('एट फिंगर एडी' ही बीअर त्यांचीच), डिचोलीच्या पुढे लाटंबार्शाची 'माका दी', आणि आर्बर ब्रूइंगवाले बंगळुरूचे असले तरी त्यांची 'बीच शॅक' बीअर गोव्यात बनते म्हणे. ही तिन्ही ठिकाणं शनिवारी उरकायची आणि रविवारी दक्षिण गोवा, असा ढोबळ बेत आहे.

हे लोक आत घेतात का? तिथे बसून प्यायची सोय असते का? मित्राची बायको शाकाहारी आहे, तिच्या जेवणाचं काय करू? परत जाताना डिकीत एक-दोन क्रेट टाकायचा विचार चाललाय, ते चालतं ना? आणि 'संध्याकाळी कॅन घेऊन बीचवर बसू' असं रोज कोणीतरी ग्रुपवर लिहितंय, त्यावर काय सांगू?

खर्चाची फार चिंता नाही. वेळ वाया गेलेला मात्र चालणार नाही, मला आयुष्यभर ऐकवतील.

डिचोलीकर

भाऊ, आधी मित्रांच्या डोक्यातून पुणे काढा. पुण्या-बंगळुरूला मायक्रोब्रुअरी म्हणजे काचेपलीकडे टाक्या आणि अलीकडे तुमचं टेबल. तुम्ही लिहिलेली नावं त्यातली नव्हेत. ही मंडळी कॅन आणि बाटल्या भरून बाजारात पाठवतात. मद्य बनवायचा परवाना वेगळा आणि गिऱ्हाइकाला बसवून ग्लास भरून द्यायचा परवाना वेगळा. लाटंबार्सें आमच्या तालुक्यातलं, दोडामार्गच्या वाटेवरचं गाव. तिथे औद्योगिक वसाहत आहे. शेड, ट्रक आणि गेटवर वॉचमन. न कळवता गेलात तर तिथूनच परत. माझ्या मेहुण्याला अशाच एका ठिकाणी भर दुपारी गेटावरून वळवलं होतं, पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्यामुळे आजच प्रत्येकाला फोन नाहीतर ईमेल करा. 'पाच माणसं आहोत, एकजण घरी बीअर बनवतो, अर्धा तास आत बघायला मिळेल का' असं स्पष्ट विचारा. छोट्या कंपन्यांत बनवणाराच फोन उचलतो आणि हौशी माणसाला बहुधा नाही म्हणत नाही. ब्रूइंगचं काम सकाळी सुरू होतं, म्हणून सकाळची वेळ मागा. शनिवारी सुट्टी नाही ना, तेही विचारून घ्या. नाहीतर सोमवार ब्रुअरीला ठेवा आणि शनिवार दुसऱ्या कशाला.

एका दिवसात तीन कारखाने म्हणजे तपासणीला निघालेला सरकारी अधिकारी. एक बघा, नीट बघा.

माल्टमास्तर

वरच्याशी सहमत. पिण्यापुरतं थोडं भर घालतो.

क्राफ्ट बीअर गोव्यात कारखान्यात नाही, हॉटेलात आणि बारमध्ये प्यायची. आसगाव, शिवोली, हणजूण या पट्ट्यात चांगल्या जागांवर नळाची बीअर मिळते. नळावर काय आहे ते दर आठवड्याला बदलतं, म्हणून नावं देत बसत नाही. टेबल घेण्यापूर्वी 'आज नळावर काय आहे आणि पिंप कधी उघडलं' एवढं विचारायचं. उत्तर देताना वेटर गोंधळला तर कॅन मागवायचा.

कॅन घेताना तळाची तारीख बघा. आयपीए ही कडवट बीअर, तिची सगळी मजा हॉप्सच्या, म्हणजे बीअरमध्ये घालायच्या फुलांच्या, वासात, आणि तो वास उष्णतेत पहिल्यांदा उडतो. एप्रिलमधल्या गोव्यात उघड्या फळीवर महिनाभर उभा राहिलेला आयपीएचा कॅन फक्त कडू लागतो. तुमच्या मित्रांना हे माहीत असेल, दुकानदाराला असेलच असं नाही. फ्रीजमधलाच मागा. गव्हाची विटबीअर त्यामानाने जरा दम धरते, तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते.

दुसरं म्हणजे ऊन. शॅकवर हिरव्या किंवा पारदर्शक काचेची बाटली टेबलावर उन्हात ठेवून गप्पा मारू नका. प्रकाशाने हॉप्समधली द्रव्यं फुटतात आणि बीअरला मांजर मुतल्यासारखा वास मारतो, त्याला फार वेळही लागत नाही. तपकिरी बाटली बरी, कॅन सगळ्यात उत्तम.

'एट फिंगर एडी' 2018 ची. नाव हणजूणच्या एका जुन्या हिप्पीचं. तिथल्या फ्ली मार्केटच्या गोष्टींत तो हमखास येतो, 2010 मध्ये वारला. बाजाराच्या दिवशी, बुधवारी, नसलात तरी हणजूणला एक फेरी मारा आणि ती बीअर तिथे प्या, एवढी भाबडी हौस माफ असावी. आणि एखाद्या जुन्या बारमध्ये किंग्ज दिसली तर तीही घ्या. क्राफ्टबिफ्ट काही नाही, मडगावकडची साधी हलकी पिल्सनर. पण तळलेल्या बांगड्याबरोबर गोव्यात तिच्याइतकं काही जात नाही, हे माझं मत आहे आणि त्यावर वाद घालणार नाही.

गोंयचो_पाव

एप्रिलात गोंयांत येऊन बीअर? काजूच्या हुर्राकाच्या हंगामात? देवा!

सत्तरीची_लेक

वरच्या दादांनी एका ओळीत म्हटलं तेच जरा सविस्तर सांगते.

पर्वरीकर, तुझ्या मित्रांना टाक्या बघायच्या आहेत, बनवणाऱ्याशी बोलायचंय आणि तिथेच चाखायचंय. हे तिन्ही गोव्यात एप्रिलमध्येच जमतं, पण ब्रुअरीत नाही, काजूच्या भट्टीवर. सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोण, कुठेही. फेब्रुवारीअखेर सुरू होतं आणि मेअखेर पावसाबरोबर संपतं. घरी बीअर बनवणारा जो आहे ना, त्याला तर आमच्या मामाच्या भट्टीवर अर्धा दिवस सोडून दे.

कसं असतं ते सांगते. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलेच गोळा करतात. बी पिळून काढायची आणि बोंडू दगडी हौदात टाकून पायांनी तुडवायचे. हल्ली बऱ्याच ठिकाणी यंत्र आलंय. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून वर वजन ठेवलं की रात्रभर त्यातून जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. तो सकाळी सकाळी थंडगार प्यायचा, त्यात नशा नाही, तूही पिऊ शकतोस. बाकीचा रस दोन-तीन दिवस तसाच ठेवतात. यीस्ट म्हणून बाहेरचं काही घालत नाहीत, बोंडवावर असतं तेवढ्यावरच आंबतो. जवळ कान नेलास तर बुडबुड ऐकू येते. मग तांब्याच्या भांड्यात घालून खाली लाकडं पेटवायची. पहिल्या धारेचा तो हुर्राक, पंधरा टक्क्यांच्या आसपास. त्यात पुन्हा रस मिसळून दुसऱ्यांदा गाळली की फेणी, ती बेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत. मामा टक्के सांगत नाही, 'ग्राव' सांगतो. फेणी एकोणीस-वीस ग्रावची हवी. बाटली हलवून वर फेस किती वेळ टिकतो ते बघतो आणि ग्राव सांगतो, नंतर मोजून बघितलं तर फारसं चुकत नाही.

काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. फेणी म्हणजे वास येणारी स्वस्त दारू, एवढीच पुण्याकडे ख्याती आहे. वास येतो, खरंय. पण भट्टीवरची ताजी प्यायल्यावर त्यांचं मत त्यांनाच विचार.

हुर्राक कसा प्यायचा तेही सांगून ठेव: लिंबू सोडा, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि भरपूर बर्फ. चढतो हळूच, म्हणून दुपारी जेवणाआधी दोन पुरेत. हुर्राक टिकत नाही, म्हणूनच तो इथेच येऊन प्यावा लागतो.

माझ्या मामाचा पत्ता इथे देत नाही, व्यक्तिगत निरोप पाठव. दुसऱ्या कोणाच्या भट्टीवर गेलात तरी हातात काहीतरी घेऊन जा, आणि कामाच्या मधे उभे राहून फोटो काढत बसू नका. धार चालू असताना त्यांना मान वर करायला फुरसत नसते.

पर्वरीकर

ताई, हे वाचून मीच मोहात पडलोय! ग्रुपवर टाकलं, तिकडे एकदम शांतता आणि मग तिघांचे 'हो' एकापाठोपाठ. बीअर बनवणारा म्हणतो, 'बाहेरचं यीस्ट न घालता तीन दिवसांत? मला ते बघायचंच आहे.' निरोप पाठवलाय.

पण क्रेटचं आणि बीचचं कोणीच बोललं नाही.

बांद्याचा_वकील

ते मी बोलतो, आमच्या दारातलीच गोष्ट आहे.

गोव्यातल्या दुकानाचं बिल म्हणजे परवाना नव्हे. गोव्यात स्वस्त मिळणारी दारू महाराष्ट्रात आणायला महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या थांबवून तपासतात. सापडली तर बाटल्या तर जातातच, गाडीही जप्त होऊ शकते. एक-दोन क्रेट म्हणजे 'घरी प्यायला आणली' हे कोणी ऐकून घेत नाही. आंबोलीतून जाऊ म्हणाल तर तिथेही बघतात. आवडलेल्या बीअरची नावं लिहून न्या आणि पुण्यातल्या दुकानात विचारा.

बीचवर उघड्यावर बसून पिणं बंद आहे. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हा एकट्याला 2000 रुपये दंड आणि घोळक्याला 10,000 ठरला होता. शॅकवर बसून प्या, तिथे काही अडचण नाही.

तुम्ही गाडी चालवणार हे उत्तम. पण तुम्हीही हुर्राकाच्या मोहात पडल्याचं वर लिहिलंय, म्हणून सांगतो: मर्यादा 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्या दिवशी तुम्ही नीरोवरच राहा, नाहीतर चालकासकट गाडी ठरवा.

डिचोलीकर

वकीलसाहेब बरोबर बोलले. रविवारचा दक्षिणेचा बेत ठेवणार असाल तर कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्ट व्हिस्कीवाल्यांचं अभ्यागत केंद्र आहे. तिथे रीतसर फिरवून दाखवतात आणि चाखायलाही देतात. आधी नोंदणी करा. पिंपात मुरताना स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की हवेत उडते, इथल्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. म्हणून इथली व्हिस्की कमी वर्षांत तयार होते. हे ऐकायला तुमच्या मित्रांना आवडेल. काजुलोवालेही दक्षिणेत फेणी चाखण्याचे कार्यक्रम करतात, त्यांनाही आधी विचारा. दोन्ही एकाच दिवशी नको, जिभेला काही कळेनासं होतं.

पणजीत फोंताईनासला जोसेफ बार आहे. खोलीभर जागा, बसायला मिळालं तर नशीब, बाकी सगळे ग्लास घेऊन रस्त्याच्या कडेला उभे. तिथे कोकम घातलेली फेणी मिळते, तांबडें रोजा म्हणतात. संध्याकाळी लवकर जा.

वहिनींसाठी: पणजीत कॅफे ताटो नाहीतर कॅफे भोसले, पुरी आणि पातळ भाजी. गोव्यात शाकाहारी माणूस उपाशी राहतो हे पर्यटकांनी उठवलेलं आहे. फोंड्याकडे गेलात तर देवळांच्या आसपास हवं तेवढं.

पर्वरीकर

सगळ्यांचे आभार. आता असं ठरतंय: शनिवारी सकाळी सत्तरीची भट्टी, संध्याकाळी पणजी. रविवारी कुंकळ्ळी. सोमवारी एकच ब्रुअरी, जी ईमेलला उत्तर देईल ती, आणि रात्री आसगावकडे नळाची बीअर. क्रेट रद्द. त्यावरून ग्रुपवर थोडी रडारड झाली, वकीलसाहेबांचा प्रतिसाद जसाच्या तसा चिकटवल्यावर थांबली.

सत्तरीची_लेक ताई, एकच शंका. मधेच अवकाळी पाऊस आला तर?

सत्तरीची_लेक

पाऊस लागला तर खाली पडलेले बोंडू कुजतात आणि एक-दोन दिवस भट्टी थंड असते. शुक्रवारी संध्याकाळी मला निरोप टाक, मी मामाला विचारून सांगते. तसं झालं तर शनिवार-सोमवारची अदलाबदल करा. सकाळी आठच्या आत पोचलात तर नीरो मिळेल, नंतर आमची पोरं शिल्लक ठेवत नाहीत. आणि सगळ्यांना जुने कपडे घालायला सांग, बोंडवाचा डाग कशानेही जात नाही.