‘कॅरी ऑन अब्रॉड’: नुसता पांचटपणा, की पॅकेज टूरचा खरा पंचनामा?

ओसरी

‘कॅरी ऑन’ या ब्रिटिश विनोदी सिनेमांच्या मालिकेचं नाव काढलं की दोनच प्रतिक्रिया येतात. ‘अरे वा, सिड जेम्सचं ते हसणं!’ नाहीतर ‘शी, काय ते पांचट.’ १९५८ ते १९९२ या काळात मालिकेचे ३१ सिनेमे आले आणि त्यांतले निम्मे तरी दुसऱ्या प्रतिक्रियेच्याच लायकीचे आहेत. पण डिसेंबर १९७२ मध्ये आलेला ‘कॅरी ऑन अब्रॉड’ मला त्या गठ्ठ्यातून बाजूला काढावासा वाटतो. त्यावर भांडायला हा धागा.

न पाहिलेल्यांसाठी गोष्ट. वंडाटूर्स नावाच्या कंपनीची चार दिवसांची सहल, भूमध्य समुद्रातल्या एल्सबेल्स या काल्पनिक, स्पेनच्या धर्तीच्या बेटावर. पबवाला विक (सिड जेम्स) निघालाय सेडीच्या (बार्बरा विंडसर) मागे. बायको कोराला (जोन सिम्स) विमानाची धास्ती, म्हणजे ती काही यायची नाही, असा त्याचा हिशोब. सुगावा लागताच कोरा बॅग भरून हजर. तिकडे हॉटेलचे वरचे मजले बांधायचेच राहिलेत. मॅनेजर, दरवान, हमाल सगळं एकटा पेपे (पीटर बटरवर्थ), टोप्या बदलून बदलून. आत त्याची बायको फ्लोएला (हॅटी जॅक्स) शेगडीशी युद्ध करतेय. आणि या सगळ्यावर पांघरूण घालायचा पगार घेणारा टूर मॅनेजर स्टुअर्ट फार्कर, म्हणजे केनेथ विल्यम्स. शेवटच्या रात्री पाऊस येतो, हॉटेल कोरड्या नदीपात्रात बांधलंय हे तेव्हा कळतं, आणि इमारत खाली बसत असताना वर पार्टी चालूच.

माझं म्हणणं असं की हा सिनेमा परक्या देशाला हसत नाही, गिऱ्हाइकाला हसतो. ब्रिटनमध्ये सहली विकणाऱ्या व्लादिमिर राइट्झने १९५० मध्ये कॉर्सिकातल्या काल्व्हीला ३२ पौंड १० शिलिंगांत पहिली मंडळी नेली, ती तंबूत राहिली. मग १९६६ ते १९७० परकीय चलनावर माणशी ५० पौंडांची मर्यादा होती. ती उठली आणि पबवाल्यापासून कारखान्यातल्या कामगारापर्यंत सगळे विमानात चढले. या लोकांना परदेशात हवं होतं ते आपलंच गाव, फक्त उन्हासकट. सिनेमाने हे नेमकं पकडलंय. तिथे पोचल्यावर यांना ना बेट दिसतं, ना समुद्र. दिसते ती शेजारच्या खोलीतली बाई.

कडीपत्ता

गिऱ्हाइकाला हसतो म्हणता, मग पेपे कोण आहे? इंग्रज नटाने मोडक्या उच्चारांत बडबडायचं, हात उडवायचे, आणि थिएटरने हसायचं. परदेशी माणूस म्हणजे गोंधळ, अशी ती व्याख्याच आहे. बाकी कुणी स्थानिक दिसलाच तर बारटेंडर जॉर्जिओ (बायका गटवणारा), पोलीस प्रमुख (बाई पुढे केली की विरघळणारा) आणि मादाम फिफी (कुंटणखाना चालवणारी). एक शिक्षक नाही, एक कोळी नाही. १९७३ साली स्पेनमध्ये तीन कोटींहून जास्त पर्यटक गेले. हुकूमशहा फ्रँकोचं राज्य, सिमेंट कालवणारे मजूर आंदालुसियाच्या खेड्यांतून आलेले. हॉटेलं अर्धवट राहात, कारण ब्रिटिश कंपन्यांनी खोल्या आधी विकलेल्या असत. तो दोष पेपेच्या माथी मारून हसणं सोपं आहे.

ढेकूण

सगळं खरं. पण हसू येतं की नाही तेवढं सांगा.

कडीपत्ता

येतं. टेलिफोनवर सगळ्या खोल्यांच्या तक्रारी एकदम येतात तिथे मीही हसलो. म्हणून प्रश्न सुटत नाही.

वकीलीण

धाग्याला थोडं फाटे फोडते, माफी असावी. याच हंगामात, ऑक्टोबर १९७२ मध्ये, लंडनच्या अपील कोर्टात जार्विस विरुद्ध स्वान्स टूर्स हा निकाल लागला. करार कायदा शिकलेल्या आपल्याकडच्या प्रत्येकाला तो पाठ असतो. जार्विस हा ३५ वर्षांचा वकील. त्याने नाताळात स्वित्झर्लंडची १५ दिवसांची सहल घेतली, ६३ पौंड ४५ पेन्सला. माहितीपत्रकात घरगुती मेजवानीचं वातावरण, केक, योडेल (आल्प्समधलं, आवाज चढवत-उतरवत म्हणायचं) गाण्याची रात्र वगैरे कबूल केलेलं. पहिल्या आठवड्यात पाहुणे होते १३. दुसऱ्या आठवड्यात हा एकटा! मालकाला इंग्रजी येईना. केकऐवजी बटाट्याचे चिप्स आणि कोरडे नटकेक. योडेल गायला गावातलाच एक माणूस कामाच्या कपड्यांत आला, चार-पाच गाणी भराभर म्हणून निघून गेला.

खालच्या कोर्टाने ३१ पौंड ७२ पेन्स दिले. अपील कोर्टाचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग आणि मंडळींनी ते १२५ केले, म्हणजे भरलेल्या पैशांच्या जवळजवळ दुप्पट. कारण सहल विकणारा नुसती खोली आणि जेवण विकत नाही, मजा विकतो. ती मिळाली नाही तर निराशेचीही भरपाई द्यायची. सिनेमातलं हॉटेल अतिशयोक्त वाटत असेल तर हे निकालपत्र वाचा. टॅल्बट रॉथवेलच्या पटकथेपेक्षा फार मागे नाही.

ओसरी

वकीलीणबाई, हे मला माहीत नव्हतं, झकास. माझ्या मुद्द्यालाही जोर मिळतो. दोन महिन्यांच्या अंतराने कोर्ट आणि थिएटर एकाच गोष्टीबद्दल बोलतंय. पुढे ऑगस्ट १९७४ मध्ये कोर्ट लाइन ही विमान कंपनी बुडाली, तिच्याबरोबर क्लार्कसन्ससारखी स्वस्त सहलींची मोठी कंपनी गेली आणि हजारो लोक परदेशात अडकून पडले. म्हणजे वंडाटूर्स ही काही लेखकाच्या डोक्यातली भुताटकी नव्हे.

कडीपत्ता, फ्लोएलाच्या जेवणाला नाकं मुरडणाऱ्या त्या मंडळींकडे बघा हो. स्टॅन्ली ब्लंटसारखा माणूस (केनेथ कॉनर) कुठेही गेला तरी असाच राहील. पेपे त्या गोंधळात काम तरी करतोय. एवढ्या माणसांत तोच एक.

बुरुज

पेपेवर भांडून झालं असेल तर बायकांकडे वळू या का? की त्या नेहमीप्रमाणे पार्श्वभूमीला?

शूटिंगच्या वेळी सिड जेम्स पन्नाशीच्या शेवटाला. बार्बरा विंडसर ३४. जोन सिम्स ४२ च्या आसपास, म्हणजे पडद्यावरच्या नवऱ्यापेक्षा १७ वर्षांनी लहान, आणि तिला काम काय, तर कटकटी बायको. मानधनाचा आकडाही अनेकदा छापून आलाय: पुरुष प्रमुख नटांना ५,००० पौंड, बायकांना त्याच्या निम्मे. ज्यांच्या अंगावर अर्धे विनोद उभे आहेत त्यांना निम्मा पैसा.

आता गोष्टीतलं अमृत. गावात विक जो काढा पितो, त्याने बायकांच्या कपड्यांच्या आरपार दिसायला लागतं. तेच शेवटी पार्टीच्या पंचमध्ये मिसळतात. न विचारता लोकांना काहीतरी पाजणं, ही मजा म्हणून दाखवलीय. तुम्ही ‘त्या काळी चालायचं’ म्हणाल. १९७५ साली ब्रिटनमध्ये लैंगिक भेदभावविरोधी कायदा झाला, तो काय ढगातून पडला? बायका १९७२ मध्येही बोलतच होत्या.

आणि स्टॅन्लीची बायको एव्हलिन ब्लंट. नवऱ्याला जवळ येऊ न देणारी, धर्मभीरू, आखडू बाई. तो तिला हॉटेलात सोडून सहलीला सटकतो, जॉर्जिओ तिला पटवतो, आणि बाई एकदम गुलाबी. ‘हिला एक पुरुष भेटला की ठीक होईल’ हा जगातला सर्वांत जुना आणि सर्वांत घाण विनोद. ओसरी, याला पंचनामा म्हणायचं?

गवती चहा

बुरुज + १००. आमच्याकडे दादा कोंडके आवडतात म्हणणारे हेच लोक ‘निरागस चावटपणा’ म्हणतात. निरागस कुणासाठी?

ढेकूण

आलेच दादा. ब्रिटिश सिनेमाच्या धाग्यावर किती प्रतिसादांनी येतात याची मी वाटच बघत होतो.

ओसरी

दादांना वेगळा धागा द्या, तिथे मी येईन. इथे त्यांचा संबंध नाही. या विनोदाचं घर वेगळं आहे, म्युझिक हॉल (गाणी-नकलांचे जुने ब्रिटिश रंगमंच) आणि समुद्रकाठची चावट पोस्टकार्डं. चित्रकार डोनाल्ड मॅगिलने तसली कार्डं हजारोंनी काढली. १९५४ साली लिंकनच्या कोर्टात त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, ५० पौंड दंड आणि २५ पौंड खर्च. त्याआधी १९४१ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने त्या कार्डांवर निबंध लिहिला होता. त्याचं म्हणणं असं की हे विनोद चालतात ते लग्न पक्कं आहे, सुटणार नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं म्हणून. बंड नाही, शाळेतल्या पोराने मास्तरांच्या पाठीमागे दाखवलेला अंगठा.

हे लावून बघा. विक चार दिवस सेडीभोवती घुटमळतो, पदरात काय पडतं? शून्य. अख्ख्या सिनेमात पुरुषांच्या हाती जवळजवळ काही लागत नाही. ज्यांना हवं ते मिळतं त्या बहुतेक बायकाच: एव्हलिनला, सहलीतल्या तरुण लिलीला, आणि फार्करची मदतनीस मोइरा पोलीस प्रमुखाला गुंडाळून सगळ्यांना कोठडीतून सोडवते. पुरुष लाळ गाळतात, बायका कामं उरकतात. अमृताचा मुद्दा मात्र मान्य, तिथे मला बचाव नाही. एव्हलिनबद्दल भांडेन. जून व्हिटफील्डने तो बदल ज्या थंडपणे रंगवलाय त्यात फजिती नवऱ्याची होते. तो तिला टाकून कोराच्या मागे लागला, आणि परत येतो तर बायको त्याला झेपेनाशी.

बुरुज

म्हणजे व्हिटफील्ड चांगली नटी आहे. ते मी कुठे नाकारलं? लिहिणारा, काढणारा, पैसे घालणारा, तिघेही पुरुष. नटीने पदरचं घालून पात्र वाचवलं तर श्रेय सिनेमाला का?

ऑर्वेलचं तुम्ही सांगितलंत ते माझ्याच बाजूचं आहे. लग्न सुटणार नाही म्हणून विनोद चालतो. सुटत नाही कुणाला? १९७२ साली कोराने विकला सोडलं असतं तर पब कुणाचा राहिला असता?

नर्मदेचा गोटा

रॉबिन आणि निकोलस या जोडीबद्दल कुणीच बोललं नाही. ब्रिटनमध्ये, तेही फक्त इंग्लंड आणि वेल्समध्ये, समलिंगी संबंध १९६७ साली अंशतः गुन्ह्याच्या यादीतून निघाले. पाच वर्षांत एका लोकप्रिय सिनेमात दोन पुरुष जोडीने सहलीला जातात, कुणी त्यांना हाकलत नाही, हे थोडं नाही. पण सिनेमा लगेच लिलीकडून निकोलसला ‘सरळ’ करून घेतो आणि रॉबिनला रुसायला एकटा सोडतो. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं.

गंमत म्हणजे सेटवर केनेथ विल्यम्स होता, चार्ल्स हॉट्री होता, दोघेही समलिंगी. हॉट्रीचा तर हा शेवटचा ‘कॅरी ऑन’, त्याच वर्षीच्या नाताळच्या टीव्ही कार्यक्रमात श्रेयनामावलीतल्या जागेवरून बिनसलं आणि तो परत आला नाही. इथे तो दारुडा, आईच्या धाकातला युस्टेस टटल आहे, कोणत्याच बाईत रस नसलेला. त्याच्याबद्दल सिनेमा एक अक्षर स्पष्ट बोलत नाही, आणि तोच सगळ्यांत आनंदी दिसतो. स्पष्ट लिहिलेल्या रॉबिनपेक्षा न लिहिलेला टटल मला जास्त खरा वाटतो. हे पटकथेचं यश की अपघात, मला ठरवता येत नाही.

ढेकूण

टटलबद्दल सहमत. मी फक्त त्याच्यासाठी बघतो.

लँकेशरचा बंड्या

इथे इंग्लंडात राहतो म्हणून सांगतो, हे सिनेमे इथे टीव्हीवर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागत आलेत, आणि साठी-सत्तरीच्या लोकांना संवाद पाठ आहेत. त्यांना त्यात बाईपेक्षा हॉटेल आठवतं. दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी काकांना अर्धवट हॉटेल मिळालेलंच असायचं.

आणि एक आणखी: ‘अब्रॉड’ नावाच्या या सिनेमाचं युनिट परदेशी गेलंच नाही. जवळजवळ सगळं बकिंगहॅमशरमधल्या पाइनवुड स्टुडिओत. एप्रिल-मेमधलं इंग्लंडचं ऊन, त्यात भूमध्य समुद्र. नट बिचारे काकडत असणार.

ओसरी

याच्याइतका चांगला पुरावा मला हवा कशाला! घर न सोडता परदेश. गिऱ्हाइकाला हवी होती तशीच सहल.

कडीपत्ता

उलट. एकही स्पॅनिश माणूस, एकही स्पॅनिश रस्ता न बघता त्यांनी पेपे रचला. गिऱ्हाइकाच्या डोक्यातला परदेश पडद्यावर आणला असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, बनवणाऱ्याच्या डोक्यातही तेवढाच होता. सिनेमा गिऱ्हाइकाला हसत असता तर त्याने गिऱ्हाइकापेक्षा चार पावलं पुढे जाऊन बघितलं असतं. आणि शेवट? सगळे परत विकच्या पबमध्ये जमतात, गळ्यात गळे. एवढं होऊनही कुणाचं काही बिघडलं नाही.

ओसरी

बिघडलं नाही हीच तर टवाळी आहे! हॉटेल पडलं, तुरुंग बघितला, आणि हे लोक म्हणतात मजा आली. त्यांना पबच हवा होता, तो मिळाला. यापेक्षा जास्त काय बोलायचं सिनेमाने?

वकीलीण

दोघांनी एक बाजू सोडलीत. जार्विसच्या निकालाने बघितलं तर पेपेवर दावाच लागत नाही. पर्यटकांचा करार वंडाटूर्सशी. मजेचं वचन माहितीपत्रकात तिने दिलं, पैसे तिने घेतले. सिनेमाभर शिव्या खातात कोण? पेपे आणि पगारी फार्कर. कंपनीचा मालक फ्रेममध्ये येतच नाही. कडीपत्ता, तुमची तक्रार इथे टाका, टिकेल.

कडीपत्ता

टाकली. ओसरी, आता उत्तर द्या.

ढेकूण

ओसरी जेवायला गेले असणार. तोवर कुणी फ्लोएलाच्या जेवणावर बोला.