मदत हवी आहे: राजा एकच, मग ब्रिटन युद्धात आणि हॅनोव्हर तटस्थ हे कसं चालायचं?

मंडळी, सध्या अठराव्या शतकातला युरोप वाचतोय आणि हॅनोव्हर या जर्मन राज्यापाशी गाडी अडलीय, जाणकारांनी प्लीज मदत करा.

मला कळलंय ते असं. १७१४ ला राणी अ‍ॅन वारली आणि १७०१ च्या वारसा कायद्याप्रमाणे ब्रिटनची गादी हॅनोव्हरचा इलेक्टर (म्हणजे जर्मन सम्राट निवडायचा हक्क असलेला राजा) जॉर्ज लुडविगकडे गेली, कारण त्याची आई सोफिया ही पहिल्या जेम्सची नात आणि प्रोटेस्टंट (ती बिचारी अ‍ॅनच्या दोनेक महिने आधीच गेली, नाहीतर राणी झाली असती). पण राज्यं वेगळीच राहिली. हॅनोव्हरचे मंत्री हॅनोव्हरलाच, लंडनला सेंट जेम्स पॅलेसात त्यांची फक्त एक जर्मन कचेरी, आणि राजाच्या परदेशातल्या मुलखासाठी पार्लमेंटच्या संमतीशिवाय इंग्लंडला युद्धात ओढायचं नाही हेही कायद्यातच होतं. १८३७ ला व्हिक्टोरिया आली आणि बाईला तिकडची गादी नाही म्हणून हे नातं तुटलं, तो भाग क्लिअर आहे.

प्रश्न मधल्या काळाचा आहे. १७४१ मध्ये ऑस्ट्रियाच्या वारशावरून युद्ध पेटलं तेव्हा दुसरा जॉर्ज ब्रिटनचा राजा म्हणून ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसाच्या बाजूचा, पण फ्रेंच फौजा जवळ आल्यावर त्यानेच हॅनोव्हरचा इलेक्टर म्हणून फ्रान्सशी तटस्थतेचा करार केला, आणि दोन वर्षांनी जर्मनीतल्या डेटिंगेनच्या लढाईत स्वतः रणांगणावर उतरून फ्रेंचांशी लढला! १७९५ नंतरही ब्रिटनचं फ्रान्सशी युद्ध चालूच आणि हॅनोव्हर मात्र प्रशिया या शेजारच्या बलाढ्य जर्मन राज्याच्या आडोशाने तटस्थ. मग १८०३ ला नेपोलियनने सरळ सैन्य घुसवून हॅनोव्हर घेतलं, तेव्हा ही तटस्थता कुठे गेली?

आपल्याकडचं उदाहरण तर मला अजूनच बुचकळ्यात टाकतं. हॅनोव्हरच्या दोन पलटणी ईस्ट इंडिया कंपनीसाठी १७८२ ला मद्रासला आल्या आणि १७८३ ला कडलूरला फ्रेंचांशी लढल्या, तेव्हा जर्मनीत हॅनोव्हर आणि फ्रान्स यांच्यात लढाई नव्हतीच. भाड्याने दिलेलं सैन्य म्हणून फ्रान्सने कानाडोळा केला का?

म्हणजे एकाच माणसाच्या या दोन सह्या बाकीचे दरबार खरंच वेगळ्या मानायचे, की आपली सोय असेल तेवढंच? मला जर्मन येत नाही, त्यामुळे मराठी किंवा इंग्रजीत काही वाचण्यासारखं असेल तर नक्की सांगा, विशेषतः १७४१ च्या कराराबद्दल, त्यात ब्रिटिश मंत्र्यांना किती विचारलं होतं ते कळलं तर बराच गुंता सुटेल.