गुरूचे पट्टे आले की चंद्र गुल, चंद्र आले की गुरूचा पांढरा लाडू! मदत हवी आहे

जाणकारांनो, महिनाभर झटतोय. सहा इंची डॉबसोनियन (साध्या बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण) आहे (आरसा १५० मिमी, फोकल लेंथ १२०० मिमी), १० मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) आणि त्यावर होल्डरने बसवलेला मोबाइल. मोटर नाही, दुर्बीण हातानेच ढकलतो. राहतो साताऱ्याजवळ. रात्री जेवणं आटोपली की गच्चीवर मांडतो.

डोळा लावला की दोन पट्टे आणि चारही चंद्र एकदम दिसतात. मोबाइलला ते जमत नाही. ऑटोवर गुरू नुसता पांढरा, शेजारी चार ठिपके. एक्सपोजर उतरवलं की पट्टे येतात, तेही पाण्याखाली असल्यासारखे, आणि चंद्र गायब. वेगळा कॅमेरा घ्यावा का? (घरी हा विषय अजून काढलेला नाही.)

शिवाय नोव्हेंबरात काढलेल्या शनीच्या फोटोत बाजूला एक ठिपका आलाय. शनीचा चंद्र टायटन की तारा?

प्रतिसाद १
कॅमेरा राहू द्या, आधी गच्चीवरून खाली या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत असतो, ते तुमचं 'पाणी'. परसात मातीवर मांडा आणि नळी तासभर आधी बाहेर काढून ठेवा.

चंद्र जातात त्यालाही बरंचसं हेच कारण. गुरूचा चंद्र आयो, त्याचा पृष्ठभाग गुरूपेक्षा काळा मुळीच नाही. पण गुरूची चकती ४५ आर्कसेकंदांच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आसपास, तर आयोची जेमतेम एक. हवा हलली की तो एवढासा प्रकाश तिप्पट रुंद पसरतो, म्हणजे नऊपट फिका. म्हणून फोकस गुरूवर करू नका, चंद्रावर करा. ठिपका बारीकात बारीक झाला की तिथेच लॉक.

मग फोटो नको, व्हिडिओ घ्या. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, शटर १/६० सेकंदापासून सुरू करून पट्टे उठेपर्यंत उतरवत जा. मोटर नाही तर नाही, गुरू एका कडेला ठेवा आणि सरकू द्या. पलीकडे जायला साधारण दीड मिनिट लागतं. मग संगणकावर पिप या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओतला गुरू प्रत्येक फ्रेमच्या मध्यावर आणा, ऑटोस्टॅकर्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या तेवढ्या फ्रेम निवडून एकावर एक रचा.

ठिपक्याचं म्हणाल तर स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोची तारीख-वेळ टाका, लगेच कळेल.

प्रतिसाद २
वरचं सगळं मान्य, पण सहा इंचाला एकाच व्हिडिओत दोन्ही मिळण्याचा हट्ट कशाला? लगेच दुसरा व्हिडिओ चंद्रांसाठी घ्या: आयएसओ ८००, १/१५. त्याहून लांब शटर ठेवलंत तर चंद्रांच्या रेघा होतील. दोन्ही नंतर जोडा, आणि जोडलंय असं खाली लिहा. मध्ये चहाला मात्र जाऊ नका. गुरू दहा तासांच्या आत एक गिरकी पुरी करतो, त्यामुळे तीन मिनिटांपलीकडे पट्ट्यांतले बारकावे फिसकटतात. आयोही गुरूजवळ असताना तासाभरात गुरूच्या जवळजवळ अर्ध्या व्यासाइतका सरकतो.

धागालेखक
काल परसात मांडली. फोकस गॅनिमीडवर केला. पट्टे स्वच्छ, आणि त्याच व्हिडिओत रचल्यावर आयो आणि गॅनिमीड अंधुक का होईना, आले! शनीजवळचा ठिपका टायटनच निघाला. एकच अडचण, गुरू अगदी डोक्यावर आला की डॉबसोनियन वळता वळत नाही. आणि कॅलिस्टो का नाही आला?

प्रतिसाद १
कॅलिस्टो चौघांत सर्वांत काळा. त्याला दुसराच व्हिडिओ लागेल. आणि गुरू डोक्यावर यायच्या तासभर आधी उरका, मिथुनेतला गुरू आपल्याकडे तेव्हाही भरपूर वर असतो.