"आमच्या मायनं सोसलं, आम्हाले काय झालं?" या पोस्टला उत्तर

शाळेतली बाई:
काल दारव्ह्याच्या काकांनी लिहिलं, "आमच्या मायनं बहात्तरच्या दुष्काळात गिट्टी फोडली. आम्हाले कधी डिप्रेशन झालं नाई. आताच्या पोट्ट्याइचे चोचले हायेत." त्यावर भराभर अंगठे पडले. मला रात्री झोप लागली नाही.

बहात्तरला माझी आई आठ वर्षांची होती. आजोबा पिऊन आले की आजीला मारायचे आणि ही धाकट्या भावाला घेऊन कडब्याच्या गंजीमागे बसायची. चौथीतून नाव काढलं, पंधराव्या वर्षी लग्न. तिनं आम्हाला कधी बोट लावलं नाही. पण फाटकाची कडी वाजली की तिचा भाकर थापणारा हात थांबायचा. आम्ही भावंडं त्या हाताकडे पाहून ठरवायचो, आज बोलायचं की गप्प बसायचं. मी चाळिशी ओलांडली, तरी कडी वाजली की माझं पोट आवळतं. माझ्या मुलाला घरात कोणी मोठ्यानं बोललं तरी उलटी होते. त्यानं तर माझ्या आजोबांना पाहिलंही नाही.

अमेरिकेत 1995 ते 1997 मध्ये 17 हजारांवर माणसांना त्यांचं लहानपण विचारलं होतं: मार, घरातली दारू, आईला होणारी मारहाण. जितके होकार जास्त, तितकं पुढं नैराश्य, व्यसन, हृदयविकार जास्त. नंतर हेच आई आणि लेकरू मिळून तपासलं गेलं. ज्या आयांचं लहानपण असं गेलं, त्यांच्या मुलांत भीती आणि चिडचिड जास्त आढळते, आणि त्यातलं बरंचसं आईच्या कोणी न ओळखलेल्या नैराश्यातून येतं. हे चोचले आहेत का, काका?

दारव्हेकर:
बाई, तुम्ही शिकलेल्या, मी दहावी नापास. पन आता हेही मायच्याच माथ्यावर मारता काय? पोट्टं नापास झालं, मायमुळं. पोट्टं चिडलं, मायमुळं. माह्या मायनं पाच लेकरं वाढोली, वावर सांभायलं. तिले दोष देनारा कागद मले नको. सिंधुताई सपकाळ वर्ध्याच्याच ना? कोवळ्या वयात लगन, गोठ्यात बाळंतपन. हजारो लेकराइची माय झाली ते बाई!

शाळेतली बाई:
सिंधुताईंचं नाव घेऊन बाकीच्या बायांना गप्प बसवू नका. आणि दोष मी कुठं दिला? आईला मारणारा हात कोणाचा होता, ते मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं आहे.

आशाची डायरी:
मी गावातली आशा सेविका आहे. बाळाचं वजन लिहिते, लस लिहिते. बाळाच्या आईला झोप येते का, हे लिहायला माझ्या वहीत रकाना नाही. मागच्या वर्षी एक एकोणीस वर्षांची पोर बाळाला पाजायची, पण त्याच्याकडे पाहायची नाही. चार वेळा गेल्यावर बोलली. लहानपणी काकाच्या घरी काय काय झालं ते बोलली. सासू म्हणत होती, आळशी आहे.
रावळपिंडीच्या खेड्यांत आमच्यासारख्याच आरोग्यसेविकांनी नैराश्य असलेल्या गरोदर बायांशी ठरवून, घरी जाऊन बोलणं ठेवलं. 2008 मध्ये निकाल छापून आला. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या बायांपैकी 23 टक्के नैराश्यात होत्या, असं बोलणं न झालेल्या गटातल्या 53 टक्के. बाळाच्या वजनात फरक पडला नाही, हेही खरं. पण आईबाप बाळाशी जास्त खेळू लागले.

वर्धेवाला:
मूळ दारू आहे. आधी ती बंद करा, मग आयांचं मन तपासा.

चांद्याची सून:
वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून बंदी आहे ना? मग काय संपली?

वर्धेवाला:
चोरून मिळते, मान्य. पण पोरींना शाळेत जाताना दुकानाच्या ओळीतून तर जावं लागत नाही. गडचिरोलीत 1993 ला लोकांनी लढून बंदी आणली, ते वेडे होते का?

चांद्याची सून:
आमच्याकडे चंद्रपुरात 2015 ला आली, 2021 ला उठली. बंदीच्या काळात माझा नवरा दुप्पट भावानं आणून प्यायचा. घरातले गहू विकले. माझी पोरगी रात्री दप्तर उशाशी घेऊन झोपायची, पळावं लागलं तर हाताशी असावं म्हणून. तुमच्या बंदीनं तिला काय दिलं?

वर्धेवाला:
एका घरावरून जिल्हा मोजू नका!

चांद्याची सून:
मी त्याच एका घरात राहते. तुम्ही राहून दाखवा.

गावकरी_आर्वी:
दोघंही थांबा. बंदीचा वाद इथं दहा वर्षं चालला तरी संपणार नाही.

वर्धेवाला:
ताई, आवाज चढवला, चुकलं. बंदीवरचं मत बदलत नाही. पण दप्तराची गोष्ट वाचून मी फोन बाजूला ठेवला होता.

दारव्हेकर:
बाई, चोचले हा शब्द मी मागं घेतो. बाकी पटलं असं म्हनत नाई.
माही माय सहा वर्षांची असताना तिची माय मेली. दुसऱ्याच्या घरी उष्टं खाऊन वाढली. आता अठ्ठ्याहत्तरची हाये, घरात धान्य भरलं हाये, तरी रात्री उशाखाली भाकर ठेवते. आम्ही हासत होतो. माहा धाकटा भाऊ 2006 ले गेला. आम्ही म्हनतो, कर्जानं गेला. पन कर्ज मलेही तेवढंच होतं. तो लहानपनापासून रातभर जागाच राहे, मायजवळ बसून. दोघं काही बोलत नसत.
मायले विचारावं वाटते, पन काय विचारू?

आशाची डायरी:
काका, "माय, झोप लागते का?" एवढंच. आणि उशाखालची भाकर काढू नका. तुम्हाला स्वतःला जड गेलं तर 14416 लावा, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात.

दारव्हेकर:
नंबर लिहून घेतला. माय आता जेवाले बसली हाये.