उतावळा मुलगा, एमआरआय आणि व्यसनाचं भाकीत: या सल्ल्याला उत्तर

सिंहगडरोडकर
शेजारच्या धाग्यावर सल्ला दिलाय: "मुलगा उतावळा असेल तर दहावीनंतर एमआरआय करून घ्या, पुढचा मेंदू बारीक दिसला की व्यसन लागणारच." वाचून गप्प बसवेना. रुग्णालयातला एमआरआय गाठ, रक्तस्राव, पक्षाघात शोधायला असतो. व्यसनींच्या मेंदूत सापडणारा फरक दोन गटांच्या सरासरीतला. गटांतली माणसं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की एका मुलाच्या फिल्मवरून काही ठरत नाही. काळजीत असलेल्या आईबापांना असली भीती घालू नका.

पर्वतीपायथा
असहमत. फरकच नाही असं भासवताय तुम्ही. केंब्रिजचा २०१२ चा अभ्यास आहे: भावंडांच्या ५० जोड्या, एकाला कोकेनसारख्या उत्तेजकांचं व्यसन, दुसऱ्याला नाही. ऐनवेळी हात आवरायच्या चाचणीत दोघंही कमी पडले. कपाळामागच्या भागातल्या तंतूंची ठेवण दोघांचीही वेगळी. म्हणजे काही घडण पदार्थाच्या आधीची आहे.

सिंहगडरोडकर
तोच अभ्यास तुमच्या "लागणारच"ला खोडतो. तसाच मेंदू घेऊन दुसरं भावंड व्यसनाबाहेर राहिलं. शिवाय त्यात पुटामेन, म्हणजे मेंदूच्या आत खोलवरचा सवयींशी जोडलेला भाग, मोठा निघाला होता. नुसतं "बारीक" कुठून आलं?

पर्वतीपायथा
"लागणारच" मी म्हटलेलं नाही. दुसऱ्याचं वाक्य माझ्या नावावर टाकू नका!

कोथरूडची_वाचक
आधी उतावळेपणा कुठला ते सांगा. उतावळेपणा मोजायच्या बॅरट प्रश्नावलीत ३० प्रश्न, त्यातल्या ११ चे गुण उलटे मोजायचे. ते राहिलं की बेरीज फुकट. त्यात घर बदलता का, नोकरी बदलता का, असंही विचारतात. ११ महिन्यांच्या भाडेकरारावर राहणारा, चाकणला कंत्राटावर काम करणारा मुलगा इथे उतावळा ठरतो. हात आवरायच्या चाचणीत पटापट बटण दाबायचं असतं, आणि साधारण चारातल्या एका फेरीत थांबायची खूण येते. जमलं की खूण ५० मिलिसेकंद उशिरा, चुकलं की तेवढीच लवकर. खुणेची वाट बघत मुद्दाम सावकाश दाबणारा माणूस आकडाच बिघडवतो. या दोन मोजमापांचा आपसातला मेळही फार कमी.

येरवडा_नाका
आणि तंबाखू? ती नीट मोजतं कोण? व्यसनी गटात जवळपास सगळे तंबाखूवाले, तुलनेचा गट निर्व्यसनी. मग दिसलेला फरक गर्दचा की तंबाखूचा? श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडची तपासणी विडी पकडते. मिश्री आणि चुना-तंबाखू तिच्यातून सुटतात. त्यासाठी लाळेत किंवा लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ, बघावा लागतो.

पर्वतीपायथा
प्रत्येक धागा तंबाखूवर का नेता? विषय उत्तेजकांचा आहे.

येरवडा_नाका
विषय तोच आहे, चिडू नका. निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं होतं. सकाळपासून प्रश्नावल्या भरून माणूस मशीनमध्ये जातो तेव्हा तलफ आलेली असते, अंग स्थिर राहत नाही. पाच-सहा मिनिटांच्या त्या चित्रात मान जराशी हलत राहिली तरी मेंदूची साल, म्हणजे बाहेरचा थर, आहे त्यापेक्षा पातळ मोजली जाते. चुळबुळ्या माणूस जास्त हलतो. मग पातळ सालीचा दोष त्याच्या स्वभावावर जातो! शेवटची चिमूट किती वाजता घेतली ते लिहा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा घट्ट लावा, हललेलं चित्र लगेच पुन्हा काढा. डोक्याच्या एकूण आकारमानाचा आणि वयाचा हिशेबही घ्या, नाहीतर लहान डोक्याचा माणूस आजारी दिसेल.

कोथरूडची_वाचक
+१. मिश्रीचा प्रश्न वेगळा विचारायला हवा. "तंबाखू खाता का" म्हटलं की मिश्री लावणारी बाई "नाही" म्हणते, कारण ती खात नाही, दाताला लावते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी, म्हणून तोही लोक सहज कबूल करत नाहीत.

पर्वतीपायथा
बरं, हलण्याचा मुद्दा मान्य. तंबाखूचाही, अर्धा. पण व्यसन नसलेल्या भावंडातही तंतूंचा फरक दिसला, तो तलफेवर ढकलता येणार नाही. तेवढं तुम्हीही माना.

सिंहगडरोडकर
मानतो. गटापुरतं. दहावीच्या मुलाचा स्कॅन काढायला ते कारण पुरत नाही. तो सल्ला ज्यांनी लिहिला त्यांनी तो काढून टाकावा.