मदत हवी आहे: मामाचा जुना ऑटोफोकस फिल्म कॅमेरा चालू होईना (जरा लवकर सांगा)

चिंचपेटी
नमस्कार मंडळी. माळा आवरताना मामाचा कॅनन सापडला. रोलवाला, पण ऑटोफोकस. मला फिल्मवर फोटो काढायचेच होते, नवा कॅमेरा घ्यायच्या बेतात होते, तेवढ्यात हा घरातच निघाला. पण चालूच होत नाहीये. बटण दाबलं की काही नाही. शनिवारी बहिणीची हळद आहे, तिथे न्यायचाय. काय करू? "नवीन घ्या" हा सल्ला कृपया नको.

खारीबिस्कीट
कोणता कॅनन? शेकड्यांनी मॉडेलं आहेत. बॅटरी घातली का? आणि गाव कोणतं, म्हणजे दुरुस्तीवाला सुचवता येईल.

पेठेतला_नाना
"नवीन घ्या" म्हणत नाही, फक्त हिशेब सांगतो. ३६ फोटोंचा रंगीत रोल आज हजाराच्या आगेमागे पडतो, वर डेव्हलपिंग आणि स्कॅनिंगचे वेगळे. दहा-पंधरा रोलांत जुना डिजिटल एसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) येतो, लेन्ससकट. बघा बुवा.

चिंचपेटी
नाना, तेच नको म्हटलं होतं.
@खारीबिस्कीट, पुढे ईओएस ६५० लिहिलंय. लेन्स ३५-७०. बॅटरी आहे आत. मी साताऱ्यात.

कोकणकडा
स्विच बघा आधी. वर डावीकडे गोल चकती आहे ना, ती 'एल'वर असेल तर कॅमेरा कुलूपबंद असतो. 'ए' किंवा हिरव्या चौकोनावर आणा.

चिंचपेटी
'ए'वर आहे. वरच्या छोट्या पडद्यावर 'बीसी' लुकलुकतंय. (हसू नका.)

खारीबिस्कीट
हे आधी सांगायचं ना! मग कॅमेरा मेलेला नाही, तक्रार करतोय. बीसी म्हणजे एकतर बॅटरी संपली, नाहीतर आत काहीतरी अडकलं. आतली बॅटरी कधीची?

चिंचपेटी
मामाने घातली असेल तेव्हाची. तो मस्कतला होता तेव्हा घेतलाय कॅमेरा.

खारीबिस्कीट
अहो ताई!!
नवी घाला. २सीआर५ नावाची लिथियम बॅटरी लागते, ६ व्होल्टची, दोन सेल चिकटवलेले असतात तशी दिसते. पुढच्या ग्रिपचा स्क्रू नाण्याने फिरवला की ग्रिप निघते, बॅटरी आत. साताऱ्यात नाही मिळाली तर ऑनलाइन मागवा, काही शे रुपयांत येते.

मिनोल्टाप्रेमी
म्हणूनच मी म्हणतो की मिनोल्टा ७००० घ्यावा. चार बारके सेल, कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. जगातला पहिला ऑटोफोकस कॅमेरा, १९८५. कॅननला त्याच्यामुळेच घाईघाईने ईओएस काढावा लागला.

डार्करूमवाला
पहिला कसा? कोनिका सी३५ एएफ १९७७ चा आहे.

मिनोल्टाप्रेमी
तो कॉम्पॅक्ट, खिशातला. मी एसएलआरबद्दल बोलतोय.

डार्करूमवाला
मग पेंटॅक्स एमई-एफ, १९८१. तोही एसएलआरच. फोकसची मोटर बॉडीत असलेला आणि धडपणे चाललेला पहिला असं म्हणा, मग मिनोल्टाला माझा आक्षेप नाही.

मिनोल्टाप्रेमी
शब्दांचा कीस काढायचा तर काढा. ७००० पुढे बाकी सगळे प्रयोग होते. आणि कॅननने काय केलं? १९८७ मध्ये माउंटच, म्हणजे लेन्स बसते ती कडीच, बदललं. ज्यांनी पोटाला चिमटा काढून जुन्या माउंटच्या, एफडी लेन्सा जमवल्या होत्या, त्यांच्या लेन्सा नव्या बॉडीला लागेनात. लोक संतापले होते तेव्हा.

खारीबिस्कीट
संतापले खरे. पण त्याच माउंटच्या लेन्सा आजही चालतात. तुमच्या मिनोल्टाचा कॅमेऱ्याचा धंदा २००६ मध्ये सोनीकडे गेला. असो, चिंचपेटीताईंचा धागा आहे.

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह
ताई, एक महत्त्वाचं. मागच्या दाराला उभी काचेची पट्टी असते. त्यातून आत रोल दिसतोय का? दिसत असेल तर दार अजिबात उघडू नका.

चिंचपेटी
दिसतोय! 'कोनिका' एवढं वाचता येतंय आणि खाली १००. म्हणजे मामाचे फोटो असतील आत??

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह
असू शकतात. आधी नवी बॅटरी, मग रिवाइंड. मागे छोट्या झाकणीखाली रिवाइंडचं बटण आहे. दाबलं की मोटर पूर्ण फिल्म डबीत ओढून घेते. आवाज थांबला की मगच दार उघडा.
बॅटरी घालूनही मोटर फिरली नाही तर पूर्ण अंधारात, म्हणजे खरोखर पूर्ण, हाताने डबीचा मधला दांडा फिरवून फिल्म आत घ्यायची. रात्री बिनखिडकीच्या बाथरूममध्ये, दाराच्या फटीला टॉवेल लावून. मोबाइल बाहेर.

शेवगा
रोल एवढा जुना असेल तर दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट) प्रकाश द्यायचा, हा नियम आहे.

डार्करूमवाला
तो नियम मुदत संपलेली फिल्म आज वापरणाऱ्यांसाठी. इथे प्रकाश मामांनी देऊन झालाय. आता कोण वाढवणार?

शेवगा
मग डेव्हलप करताना पुश करायचा, म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा.

डार्करूमवाला
पुश केला की फॉगही (फिल्मवरचा धुरकटपणा) वाढतो. कोनिकाने फिल्म बनवणं थांबवूनच कितीतरी वर्षं झाली. एवढ्या जुन्या रंगीत रोलला मी साधी सी-४१ (रंगीत निगेटिव्हची नेहमीची) प्रक्रियाच देईन, ३७.८ अंशांना ३ मिनिटं १५ सेकंद डेव्हलपर, बाकी नेहमीसारखं. रंग बहुधा बिघडलेले असतील, दाणा सुटलेला असेल, पण माणसं ओळखू येतील. लॅबला आधीच सांगा की रोल जुना आहे आणि स्कॅन करताना रंग हाताने सुधारा, नाहीतर मशीन जे देईल ते मिळतं.

अनु_ठाणे
रच्याकने, माझ्याकडे आजोबांच्या निगेटिव्हच्या पट्ट्या आहेत, चिकटलेल्या. घरी स्कॅन कशा करायच्या?

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह
@अनु, ओढून सोडवू नका, इमल्शन (चित्राचा थर) निघेल. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.

कोकणकडा
लेन्स उजेडाकडे धरून आतून बघा. माळ्यावर होता म्हणताय. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी. आमच्याकडे चिपळूणला पावसाळ्यात हमखास. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, याशिवाय कॅमेरा ठेवूच नये.

पेठेतला_नाना
डब्यात तांदूळ घाला, स्वस्तात काम होतं.

कोकणकडा
तांदळाची भुकटी लेन्सच्या रिंगमध्ये जाते, नाना. सिलिका जेल काही सोनं नाही. दाणे ओले झाले की भाजून परत वापरता येतात.

चिंचपेटी
बॅटरी पुण्याहून भावाने आणली. रोल रिवाइंड झाला, केवढा आवाज! डबी काढून ठेवली. लेन्स स्वच्छ आहे. फोकसही होतंय, टिक टिक करत भिंतीवरच्या घड्याळावर बसतं. पण बटण पूर्ण दाबलं की 'खट्' आणि परत बीसी. शनिवार जवळ आलाय हो.

खारीबिस्कीट
रोल निघाला ना, आता दार उघडून शटरच्या पात्यांकडे बघा. काळा चिकट डाग आहे का? फोटो टाका.

चिंचपेटी
आहे. पात्यांच्या कडेला काकवीसारखं काहीतरी. फोटो जोडलाय.

खारीबिस्कीट
सापडलं. त्या काळच्या बऱ्याच ईओएस बॉडींमध्ये हे होतं. पाती जोरात येऊन थांबतात तिथे धक्का झेलायला फोमचा बारीक तुकडा बसवलेला असतो. तीस-पस्तीस वर्षांत तो विरघळतो आणि त्याचा चिकटा पात्यांवर येतो. पाती वेळेत सुटत नाहीत, कॅमेरा बीसी दाखवतो. दोष वयाचा, बाकी कॅमेरा ठणठणीत दिसतोय.
उपाय: लायटरचं पेट्रोल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. कानात घालायच्या काडीचा कापूस नुसता ओलसर करायचा, ठिबकू द्यायचा नाही. पात्यांवरून वरून खाली अलगद. जोर दिला तर पातं वाकतं, मग संपलंच. वाळू द्या, दहा-वीस वेळा रिकामं शटर मारा, परत पुसा. जवळ ज्योत नको.

डार्करूमवाला
अर्धवट सल्ला. फोम तिथेच आहे, महिन्याभरात पुन्हा चिकटा येणार. खरा उपाय म्हणजे कॅमेरा उघडून फोम काढून टाकणं, आणि ते घरी करायचं काम नाही. मुंबईत बोरा बाजारात विचारा.

खारीबिस्कीट
बोरा बाजारात विचारून, देऊन, परत आणून शनिवार होईल का? आता पुसू दे, लग्न आटोपल्यावर जाईल. माझा स्वतःचा असाच पुसून चालतोय, मधूनमधून पुसावा लागतो एवढंच.

डार्करूमवाला
आणि लग्नात मध्येच अडकला तर?

खारीबिस्कीट
तर मोबाइल आहे. घरच्या हळदीला नेतायत, ऑर्डरचं काम नाही घेतलेलं.

हाफफ्रेम
उशिरा आलो. पेंटॅक्स १७ बघितलात का? २०२४ चा, नवाकोरा, फिल्मवाला. ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो.

चिंचपेटी
तोच घेणार होते! पण ऑटोफोकस नाही, अंतराचं चित्र बघून फोकस लावायचा, आणि किंमत बघून गप्प बसले.
बाकी पुसला. पहिल्यांदा काडी पार काळी निघाली. आता शटर सुटतंय, बीसी गेलं. 'टच्याक' असा काय सुंदर आवाज आहे! आता रोल कोणता घालू, २०० की ४००? आणि आयएसओ कुठे लावायचा?

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह
४००. हळद मांडवात असली तरी सावली असते, शिवाय या कॅमेऱ्याला स्वतःचा फ्लॅश नाही. तुमची ३५-७० लेन्स एफ ३.५-४.५ ची, संध्याकाळी अंधूक पडेल. कुणाकडे कॅननची ५० एमएम एफ १.८ असेल तर मागून घ्या. आजची एसटीएमवाली सुद्धा या १९८७ च्या बॉडीला बसते आणि फोकस करते. फक्त 'ईएफ-एस' लिहिलेली नको, ती लागत नाही.
आयएसओ (हाच तो २००-४०० चा आकडा) कॅमेरा आपोआप वाचतो, डबीवर चंदेरी-काळे चौकोन असतात त्यावरून. सिनेमाच्या रिळातून हाताने भरून विकलेले रोल असतात, त्यांवर ते नसतात, तेव्हा हाताने लावा.

खारीबिस्कीट
+१. आणि फोकसचा बिंदू एकच, मधला. तो उभ्या रेषा पकडतो. साडीच्या आडव्या काठावर धरलात तर भटकत बसेल. कॅमेरा किंचित तिरका करा, पकडला की बटण अर्धं दाबून ठेवून चौकट जुळवा. आधी एक रोल अंगणात वापरून बघा.

पेठेतला_नाना
एक रोल अंगणात म्हणजे हजार रुपये अंगणात.

चिंचपेटी
नाना :)
अर्धा अंगणात, अर्धा हळदीत. आमच्या इथल्या स्टुडिओवाल्याने डेव्हलपिंगला हात वर केले, त्यामुळे दोन्ही रोल कुरिअरने पाठवणार. मामाला अजून सांगितलेलं नाही. कोनिकाच्या डबीवर वर्ष कुठे लिहिलेलं असतं का?

डार्करूमवाला
मुदत खोक्यावर छापतात, डबीवर नाही. डेव्हलप झाल्यावर निगेटिव्हच्या कडेला फिल्मचं नाव येईल, त्यावरून साधारण काळ काढता येतो. त्या पट्टीचा फोटो इथे टाका.

शेवगा
आमच्याकडे यशिका एमएफ-२ पडून आहे, चालू स्थितीत, कुणाला हवा असेल तर किंमत व्यनित (खासगी निरोपात).

कोकणकडा
खरेदी-विक्रीचा विभाग वेगळा आहे, शेवगा.

हाफफ्रेम
चिंचपेटी, ती ३५-७० माझ्या नव्या मिररलेस कॅननला लागेल का?

खारीबिस्कीट
अॅडॉप्टर लावून लागते, ऑटोफोकससकट. पण लेन्स तिच्या मामाची आहे, तिला मागा.