मदत हवी आहे : खेळात पात्राला लकवा बसला तर खेळाडूनं करायचं काय?

मंडळी, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही पाच जण दर रविवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायचा कथाखेळ खेळतो. २०१४ चे पाचव्या आवृत्तीचे नियम, डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा आणि राक्षस खेळवणारा मी. कापूस वेचणीच्या दिवसांत पोट्टे दिवसभर वावरात राबून येतात, म्हणून हे तीन तास मला फार मोलाचे वाटतात.

मागच्या रविवारी मी चार घूल, म्हणजे मढी खाणारे राक्षस, त्यांच्यावर सोडले. घूलच्या नखाचा वार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे अंगातल्या ताकदीवर वाचायचा फासा, डीसी १० (बेरीज निदान १० यायला हवी). चुकला तर पात्र खेळातलं एक मिनिट पॅरालाइझ्ड, म्हणजे लकवा बसून काहीच करता येत नाही. दर पाळीच्या शेवटी पुन्हा सेव्ह मिळतो, पण माझ्या चुलतभावाच्या फायटरला (लढवय्या पात्राला) फाशानं सलग तीनदा दगा दिला. शेजारून बसलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे इजेचे फासे दुप्पट! चाळीस मिनिटं तो नुसता फासा बोटांत फिरवत बसला, मग "झोप येते" म्हणून उठला. मला लय वाईट वाटलं.

ही अवस्था काढून टाकायची नाही मला. भीती तिच्यामुळंच आहे, आणि आमचा विझर्ड (जादूगार पात्र) शत्रूला असाच लकवा आणणारी होल्ड पर्सन ही जादू टाकतो तेव्हा सगळे ओरडतात. शिवाय तिथं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे जादूवर लक्ष टिकवून ठेवणं लागतं, विझर्डला मारून जादू तोडता येते. घूलच्या बाबतीत तसं काहीच नाही.

पॅरालाइझ्डऐवजी फक्त वेग शून्य करावा का? की सोबत्यानं ॲक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) खर्चून हलवलं तर जादा सेव्ह द्यावा? मला दुसरं पटतं, पण त्यानं घूल मिळमिळीत होतील का? ज्यांनी टेबलावर वापरून पाहिलंय त्यांनी सांगा. रविवारी भाऊ यायला हवा.